न वाजवलेली शिट्टी

आमच्या घरमालकांनी मला पहिलं पिवळं कार्ड दाखवलं ते नळ उघडा राहिला म्हणून. बिदरला मैलूरमध्ये त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. मी उदगीरचा, विम्याच्या कचेरीत नवा लागलेला, घरमालक म्हटलं की दबकून चालणारा माणूस. घरमालक, म्हणजे सर, जिना चढून वर आले, नळ बंद केला, शर्टाच्या खिशातून एक पिवळा तुकडा काढला, हात ताठ वर करून तो माझ्यासमोर धरला आणि एक अक्षर न बोलता खाली निघून गेले. मला वाटलं, पाणीपट्टीची पावती असावी. मी त्यांच्या मागे जाऊन "किती झालं सर?" असंही विचारून आलो.

खालून त्यांच्या बायको, काकू, हसत सुटल्या. "आवं, बिल न्हाई ते. कार्ड दिलेत तुम्हाला. अजून एक मिळालं की लाल."

सर तीस-एक वर्षं शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते. पी.टी. म्हणजे त्यांच्या लेखी फुटबॉल. क्रिकेटला ते 'उभं राहून वाट बघायचा खेळ' म्हणत. निवृत्तीनंतर मैदान सुटलं, पण पंचगिरी सुटली नाही. शिट्टी कायम बनियनच्या आत गळ्यात असायची. पिवळं कार्ड कुणाच्या तरी हळदीच्या पत्रिकेतून कापलेलं, लाल कार्ड लग्नाच्या पत्रिकेतून. त्यामुळे ते ज्याला लाल कार्ड दाखवत, त्याला मागच्या बाजूला अर्धा गणपती दिसे. दूध पातळ आलं की दूधवाल्याला पिवळं. उलट्या बाजूने येणाऱ्या रिक्षावाल्याला पिवळं. काकूंच्या हातून दूध उतू गेलं, तर मात्र दोन्ही हात पुढे पसरून "चालू द्या, चालू द्या" म्हणत. फुटबॉलमध्ये असं करतात म्हणे, चूक झाली तरी खेळ अडवायचा नाही. काकूंच्या बाबतीत त्यांनी खेळ कधीच अडवला नाही, हे त्यांच्या संसाराचं गुपित असावं.

मंठाळला त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर होतो. जेवणाच्या पंगतीत नवरदेवाचे काका बायकांना मागे सारून पुढे घुसले, आणि सरांनी शिट्टी वाजवली. मांडवात शिट्टी वाजली म्हटल्यावर वाजंत्री थांबली, वाढपी थांबले, एक म्हातारा हातातलं पानही खाली टाकून उभा राहिला. सर शांतपणे काकांसमोर गेले, कार्ड वर धरलं आणि बोटाने रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. सगळा मांडव आमच्याकडे बघत होता. 'आमच्याकडे' म्हणतो, कारण मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि कुणीतरी मला त्यांचा जावई समजून माझ्यावरच डोळे वटारले होते. शरमेने माझी मान वर होईना. पण काका रांगेत गेले, हेही खरं.

असा हा माणूस. जगातल्या सगळ्या भांडणांवर त्यांच्याकडे एकच उपाय होता. "पंचाला गाव नसतंय, नातं नसतंय, देश नसतोय. शर्टाचा रंग तेवढा बघायचा आणि शिट्टी वाजवायची." विश्वचषक सुरू झाला की हा नियम गल्लीला लागू व्हायचा. त्यांच्या अंगणात चुना दिलेल्या भिंतीवर सामने दाखवत. प्रोजेक्टर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. हा विद्यार्थी आता रस्त्यांची कामं घेणारा मोठा गुत्तेदार झालेला, पण अंगणात आला की आधी सरांच्या पाया पडायचा आणि मगच खुर्चीवर बसायचा. सर सगळ्यांच्या पुढे लोखंडी खुर्चीवर बसत. अंगणात कुठल्याही देशाचं नाव घ्यायला बंदी. निळे, पिवळे, हिरवे, पांढरे एवढंच म्हणायचं. एकदा एका पोराने नेहमीच्या लाडक्या देशाचा जयजयकार केला, तर त्याला पाणी प्यायला बाहेर पाठवलं.

त्यातून त्यांना सेट-टॉप बॉक्सची ती मागे नेऊन पुन्हा दाखवायची सोय सापडली होती. तिकडे कुठेतरी परदेशातल्या मैदानावर खेळाडू पंचाला घेरून भांडत, हातवारे करत, छातीला छाती भिडवत. इकडे सर रिमोट दाबून चित्र थांबवत. मग मागे, पुढे, मागे. कोपऱ्यातून चेंडू येताना कोण कुणाचा शर्ट ओढतंय, कुणी कोपर मारलंय, कोण हात लागला नसताना हात लागला म्हणून ओरडतंय, सगळं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवत. निकाल दिल्याशिवाय सामना पुढे जात नसे. परिणामी आमचं अंगण सगळ्या जगाच्या मागे असायचं. पलीकडच्या गल्लीत गोल झाल्याचा आरडाओरडा व्हायचा, तेव्हा आमच्या भिंतीवर चेंडू अजून अर्ध्या मैदानात असायचा. कुणी कुरकुर केली की सर म्हणत, "घाई असंल तर तिकडं जा. हितं न्याय व्हायलाय."

त्यांना सगळ्यात जास्त चीड होती ती खोटं पडणाऱ्यांची. धक्का न लागता लोळणारे, तोंड झाकून विव्हळणारे आणि पंच वळला की उठून धावणारे. "नाटक!" असं ते भिंतीवर थाप मारून ओरडत, आणि अंगणातली पोरं जमिनीवर गडाबडा लोळून त्या खेळाडूची नक्कल करत. हसून हसून पोट दुखायचं. मीही हसायचो.

गेल्या विश्वचषकात एका संध्याकाळी पांढरे आणि लाल यांचा सामना होता. लालांपैकी एकाने घसरत येऊन पाय घातला आणि पांढऱ्यांचा एक पोरगेला खेळाडू नडगी धरून पडला. सरांनी रिमोट दाबला. मागे, पुढे, मागे. "बघा, चेंडूला लागलंय आधी. पायाला नुसता स्पर्श. नाटक!" लाल कार्ड भिंतीसमोर धरलं, पडलेल्याच्याच तोंडासमोर. पोरं लोळायला लागली. एक जण तर "आई गं, माझा पाय" करत तुळशीपर्यंत लोळत गेला. सरांनी पुन्हा एकदा मागे नेलं, पुन्हा सगळे हसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या घरातली मुलगी, जी मोबाईलवर सामना बघत होती, डोकावून म्हणाली, "काका, हसायलाव कामून? त्याचा पाय मोडलाय की. हाड बाहेर आलंय म्हणायलेत."

सरांनी रिमोट दाबला. भिंतीवर चित्र पुढे सरकलं. मग आम्हाला दिसलं ते सगळ्या जगाने आधीच बघितलेलं. दोन्ही संघांचे खेळाडू तोंडावर हात धरून उभे होते. ज्याने पाय घातला, तो लाल शर्टवाला गुडघ्यावर बसून रडत होता. डॉक्टर आले, कापड धरलं, स्ट्रेचर आलं. जमिनीवर लोळणारी आमची पोरं उठून अंग झाडत एकेक करून घरी गेली. तो पाय मोडून पडलेला असताना आम्ही त्याला मागे-पुढे करून हसत होतो, हे कुणीच कुणाला बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गल्लीत घरोघर गेले. मी कचेरीला निघालो होतो, तेव्हा ते समोरच्या दारात उभे होते. "काल मी दिलेला निर्णय मागं घ्यायलोय," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या दारात. लोक गोंधळून मान डोलवत होते. काकू डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "आवं, त्या परदेशातल्या पोराला काय कळायलंय, तुम्ही हितं मैलूरात काय म्हणलाव ते?"

"त्याला न का कळंना," सर म्हणाले. "मला कळलंय की."

मला वाटलं, दोन दिवसांत निवळतील. निवळले नाहीत. सामने बघायचे, पण रिमोटला हात लावायचे नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच वर आले आणि विचारलं, "गाडीत पेट्रोल हाय का? दुबलगुंडीला जायचंय."

वाटेत हुमनाबादला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर दुसऱ्या शाळेशी सामना होता. पंच तेच. दुबलगुंडीचा एक मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. उजव्या बाजूने खेळायचा. धक्का लागून हातावर पडला, उठेना. सर धावत जवळ गेले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ऊठ, नाटक नको." तो उठला. सामना संपेपर्यंत एक हात दुसऱ्या हातात धरून धावत राहिला. संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाक्याने त्याला दवाखान्यात नेलं. कोपर मोडलं होतं. "हाड नीट बसलं न्हाई म्हणं. मी कधी बघायला गेलो न्हाई," सर म्हणाले. "त्या पांढऱ्या शर्टवाल्याचं तोंड बघितलो आणि मला हा दिसायलाय."

दुबलगुंडीत पहिल्याच पानटपरीवर मी गाडी थांबवली. कुणाकडे जायचं, ते विचारायला मी सरांकडे बघितलं, तर सर टपरीवरची पाटी वाचू लागले. मला तेव्हा कळलं की त्यांना त्या मुलाचं नावच आठवत नव्हतं. ते टपरीवाल्याला सांगू लागले, "बिदरला शिकायला होता... वसतिगृहात... त्याचा हात मोडला होता बघा लहानपणी..."

"कोण, वाकड्या व्हय?" टपरीवाला सहज म्हणाला. "सरळ जावा, विहाराच्या मागं घर हाय."

सर माझ्यामागे गाडीवर बसले. गावाने त्याला दिलेलं नाव कुठून आलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. विहारापर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेवर मला मागे वळून त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओट्यावर उडीद निवडत बसलेली म्हातारी आई. मुलगा शेतातून नुकताच आला होता. मुलगा कसला, चाळिशीचा माणूस. डावा हात कोपरात वाकलेला, सरळ होत नव्हता. सरांना बघताच त्याने ओळखलं आणि घाईघाईने खुर्ची पुसून पुढे केली. "जयभीम सर," आई म्हणाली. सर "नमस्कार, नमस्कार" म्हणत खुर्चीवर टेकले आणि टेकल्या टेकल्या बोलून मोकळे झाले. "मी तुला त्या दिवशी नाटक म्हणलो. चुकलो. ते सांगाय आलोय."

"आवो सर, काय ते," तो लाजून हसला. "खेळताना पडतेतच पोरं. तुम्हाला एवढं आठवतंय, तेच लई झालं." त्याने एका हाताने चहाचा ट्रे आणला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याचा वाकडा हात दोन्ही हातांत घेतला. मलाही हायसं वाटलं. चला, झालं एकदाचं.

"सर, एक इचारू का?" आई म्हणाली. सूप तिने बाजूला ठेवलं होतं. "त्याच दिशी अजून एक पोरगं पडलं होतं म्हणं."

सर खुर्चीत पुढे सरकले.

"त्याचं गुडघं खरचटलं होतं. तवा तुम्ही शिट्टी वाजवलाव. खेळ थांबवलाव. पाणी आणलाव, तुमच्या हातानं पट्टी बांधलाव. दवाखान्यात मी ह्याच्या उशाला बसले तवा ह्यानं हात दुखायलाय असं एकदाबी म्हणलं न्हाई. हेच सांगत होता सारखं. त्याच्यासाठी शिट्टी वाजवली, आई. त्याच्यासाठी वाजवली." ती थांबली. "कामून वाजवलाव सर, त्याच्यासाठी?"

"आई, राहू दे की," मुलगा म्हणाला.

"ते संस्थेच्या अध्यक्षाचं..." सर बोलून गेले आणि मध्येच थांबले. ते काय बोलून गेले, हे त्यांचं त्यांनाच त्या क्षणी ऐकू आलं असावं. इतकी वर्षं त्यांना मोडलेला हात आठवत होता, चुकलेला अंदाज आठवत होता. खरचटलेला गुडघा ते विसरून गेले होते. मी चहाच्या कपात बघत बसलो.

"घरात येऊन सांगितलाव, चांगलं केलाव," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच जड जात होतं. "नाटक मात्र समद्या मैदानासमोर म्हणलाव."

"व्हय," सर म्हणाले. ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "शेवटच्या सामन्याला माझ्या अंगणात सगळी गल्ली असती. जुनी पोरंबी येतेत. तिथं सांगतो. तुम्ही या."

परत येताना मी विचारलं, "ते दुसरं पोरगं कोण होतं सर?"

"आपला प्रोजेक्टरवाला," ते म्हणाले.

त्यानंतर घरात जे चाललं, ते माझ्या कानावर पडत होतं. काकूंचं म्हणणं रास्त होतं, असं मलाही तेव्हा वाटत होतं. "हाताचं सांगा की. लोक मोठंच म्हणतील तुम्हाला. गुडघ्याचं कामून उकरायलाव? तो बिचारा तुमच्या पाया पडतोय सगळ्यासमोर. त्याला मधी कशाला घ्यायलाव?" सर हो म्हणत नव्हते. पण नाही असंही म्हणत नव्हते, आणि मला वाटलं की काकूंचं ऐकणार ते. अर्धं सांगतील. मी स्वतः मनात तेच ठरवून टाकलं होतं. अर्धं सांगितलं तरी पुष्कळच झालं.

शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी अंगण भरलं. आई एकटीच आली, पांढरी साडी नेसून. मुलगा आला नव्हता. शेतात तूर काढायला आलीय, असं तिने सांगितलं. सरांनी तिला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. शेजारच्याच खुर्चीत गुत्तेदार. त्याने तिला "या अक्का" म्हणून पाण्याची बाटलीही दिली. सामना सुरू व्हायच्या आधी सर उठतील असं मला वाटलं. उठले नाहीत. सामना सुरू झाला. भिंतीवर तेच चाललं होतं, ओढाओढी, पंचाभोवती गर्दी, एका पेनल्टीवरून भांडण. अंगणात लोक ओरडत होते. आई हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, हे दिसत होतं. सर खाली मान घालून बसले होते आणि मला त्यांची इतकी लाज वाटत होती की उठून वर जावंसं वाटत होतं.

मध्यंतर झालं, जाहिराती लागल्या, आणि सर उभे राहिले. हाताची गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली, दुबलगुंडीहून विचारून आणलेलं नाव. "मी त्याला नाटक म्हणलो. त्याचं कोपर मोडलं होतं. ही त्याची आई. मी चुकलो." लोक गलबलले. "असं होतंच सर," कुणीतरी म्हणालं. गुत्तेदार उभा राहिला, म्हणाला, "एवढ्या वर्षांनी चूक कबूल करायची म्हणजे मोठं मन लागतंय. आमचे सर असेच हाईत," आणि त्याने टाळ्या सुरू केल्या. सगळं अंगण टाळ्या वाजवू लागलं. माझेही हात वाजले. एकटी आई तशीच बसली होती.

सरांना तिथेच बसता आलं असतं. सगळ्यांनी त्यांना बसायची वाट करून दिली होती.

"टाळ्या थांबवा," ते म्हणाले. टाळ्या लगेच थांबल्या नाहीत, म्हणून पुन्हा म्हणाले. "त्याच दिवशी ह्याचं गुडघं खरचटलं होतं." त्यांनी उघडा तळहात गुत्तेदाराकडे केला. "ह्याच्यासाठी मी शिट्टी वाजवलो, खेळ थांबवलो. दोघंबी आपल्याच शाळेचे. दोघांच्या अंगात एकच रंगाचा शर्ट होता. ह्याचे वडील संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्याची आई रोजंदारीला जायची, तो वसतिगृहात होता. म्हणून एकाला पट्टी आणि एकाला नाटक. अंदाज चुकला न्हाई माझा. मी बघितलोच न्हाई त्याच्याकडं."

गुत्तेदार हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "मला तर काय आठवत न्हाई बा सर त्यातलं," आणि मोबाईल काढून त्यात बघू लागला. सर उभेच होते. मागून कुणीतरी सुटका झाल्यासारखं म्हणालं, "चालू झालं, चालू झालं," आणि सगळ्यांची तोंडं एकदम भिंतीकडे वळली.

आई उठली. भाची जवळच राहते, तिच्याकडे जाते म्हणाली. सर तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. रिक्षा बघायला म्हणून मीही गेलो. रिक्षा थांबली, तेव्हा सरांना राहवलं नाही. "मला माफ केलाव का?" त्यांनी विचारलं.

"ते त्याला इचारा सर," ती म्हणाली. "मी माफ करायला आले न्हवते. त्या दिशी तो तिथं पडला, तवा त्याचं कुणीच न्हवतं मैदानात. मला सांगावा दुसऱ्या दिशी आला. म्हणून आज आले."

रिक्षा गेली. सर थोडा वेळ रस्त्यावर थांबले, मग आत आले. त्यांच्या लोखंडी खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. सगळे मान ताठ करून भिंतीकडे बघत होते. त्यांच्याशी नजरानजर होऊ नये म्हणून प्रत्येकाने डोळे तिकडेच लावले होते. मीही पटकन एका खुर्चीवर बसून तेच केलं. सर सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले आणि जरा वेळाने हळूच विचारलं, "किती किती झाले रे?"

एवढं अंगण भरलेलं होतं, पण कुणालाच सांगता आलं नाही.